जीवराम कंपाउंडर तिकीट काढत नाहीत

धुळ्यात जीवराम नाना बाविस्कर कुठल्या रांगेत उभे राहिल्याचं कोणी पाहिलेलं नाही. रेशनच्या नाही, गॅसच्या नाही, मतदानाच्याही नाही. मतदानाला ते दुपारी दीडला जात, कारण तेव्हा गर्दी नसते. गर्दी नसते कारण केंद्रावरची माणसं आळीपाळीने जेवत असतात, आणि मग नाना भिंतीला टेकून त्यांचं जेवण होईपर्यंत थांबत. ह्याला ते रांग म्हणत नसत. रांगेला दुसरा माणूस लागतो, आणि तिथे ते एकटेच असत.

सदतीस वर्षं ते डॉक्टर बडगुजरांच्या बालरुग्णालयात कंपाउंडर होते. कंपाउंडर हा शब्द तसा सैल. बाटलीत औषधं मिसळून वर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे दिवस त्यांच्या आधीच संपले होते, आणि नानांनी उभ्या आयुष्यात साखरपाण्याखेरीज काही मिसळलेलं नाही. ते दाराशी बसत. आत डॉक्टर, बाहेर बाकांवर रडणारी पंचवीस-तीस पोरं आणि त्यांच्या आया, आणि ह्या दोहोंच्या मधली जी दोन फूट जागा, तिच्यावर नानांचं राज्य. सकाळी आलेल्याला ते पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ल्यावर आकडा असे. पाचानंतर सहा येतात हे सामान्य माणसाचं गणित झालं. नानांच्या गणितात पाचानंतर सराफाची सून येई, मग ज्याच्या हातात नानांच्या मुलाचे, प्रेमराजचे, गुण आहेत असा एखादा मास्तर येई, मग सिमेंटवाले, आणि दिवस बरा असेल तर मग सहा.

त्याबद्दल त्यांनी कधी कोणाकडून काही घेतलं नाही, हे सांगायला हवं. ते स्वतः दिवसातून दोनदा सांगतात. त्यांना एवढंच हवं असे की आत जाणाऱ्याने जाताजाता त्यांच्याकडे पाहून मान हलवावी. अशा हललेल्या माना त्यांनी सदतीस वर्षं साठवल्या. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या मुलाने दवाखाना ताब्यात घेतला आणि भिंतीवर एक पडदा लावला. पडद्यावर आकडा उमटतो आणि आतून एक बाई तो मोठ्याने वाचते. त्या बाईला कोणाची ओळख नाही, काळवेळ नाही, सहानंतर बेशक सात म्हणते. नानांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर ते साठवलेल्या माना मोडून खायला निघाले.

ह्या कामी त्यांना फार यश आलं असं म्हणता येणार नाही. बँकेतल्या पोरीने त्यांना टोकन घ्यायला सांगितलं. केबलवाल्याने, ज्याचा गोवर नानांनी सगळ्यांच्या आधी आत पाठवला होता, त्यांचं कनेक्शन सगळ्यांच्या नंतर जोडलं. पण नानांचा विश्वास डळमळला नाही. माणसं विसरत नाहीत, असं ते म्हणत, फक्त त्यांना आठवायला वेळ लागतो.

आता पार्काकडे वळू. धुळ्याहून जळगावकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे महामार्गाला लागून दोन वर्षांपूर्वी 'कुंदनवन' झालं. रतिलाल शेठ नावाच्या गृहस्थांनी आधी प्लॉट पाडले, ते विकून झाल्यावर जी खडकाळ जमीन उरली तिच्यावर पाळणे उभे केले आणि एकुलत्या मुलाचं नाव दिलं. आत फायबरचे डायनोसॉर आहेत, सिमेंटचा धबधबा आहे, आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना आत जाऊन थंडीने कुडकुडायची एक बर्फाची खोली आहे. तिच्यात लोक पैसे देऊन स्वेटर भाड्याने घेतात. दाराजवळ वीस फुटी पिवळाजर्द केळीचा घड उभा केला आहे. आम्ही पाहिलं तेव्हा रावेरचं एक कुटुंब त्यापुढे फोटो काढत होतं. त्यांच्या घरी वर्षाला कित्येक ट्रक केळी भरतात. आणि सगळ्यात मागे, सगळ्या पाळण्यांच्या वर दिसणारं, एक भलंमोठं लाल गलबत आहे, जे पाण्यात जात नाही, जागच्या जागी झोका घेतं आणि माणसांना उलट्या करायला लावतं.

नानांची नात जिगिषा ह्या गलबतासाठी दोन वर्षं थांबली होती.

प्रेमराज सुरतेला कापडाच्या कारखान्यात माल तपासायला असतो. तिथेच त्याचा संसार, आणि म्हणून पोरांची नावं जिगिषा आणि हेत. हेत हे नाव नानांना अर्धवट वाटतं. उरलेलं कुठाय, असं त्यांनी बारशात विचारलं होतं. पोरं मे महिन्यात धुळ्याला येतात. पहिल्या मेमध्ये नाना म्हणाले, थांबा, ओळख काढतो. ओळख निघेपर्यंत सुट्टी संपली. दुसऱ्या मेमध्ये रतिलाल शेठ कुठे परदेशी गेल्याचं कळलं, आणि मालक गावात नसताना जाणं बरं दिसत नाही म्हणून बेत पुढे गेला. गलबताला चार फूट उंची लागते हे जिगिषाने फोनवर पाहिलं होतं, आणि सुरतेच्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघा मारत ती वर्षभर उंच होत राहिली. यंदा ती नऊ वर्षांची होती आणि चौकटीवरची रेघ चार फुटांच्या वर दोन बोटं गेली होती. यंदाची सुट्टीही संपत आली होती. उद्या सकाळी सहाच्या गाडीने सगळे सुरतेला परतणार होते. म्हणजे गलबत आज, नाहीतर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षावर विश्वास ठेवण्याचं वय तिने नुकतंच ओलांडलं होतं.

सकाळी मयुरीने, म्हणजे नानांच्या सुनेने, फोन हातात घेऊन सुचवून पाहिलं की तिकिटं इथूनच काढता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

नाना म्हणाले, "तिकीट काढून गेलो तर रतिलाल शेठला काय वाटेल?"

रतिलाल शेठला काही वाटायला आपण गेलो हे त्यांना आधी कळायला पाहिजे, असं मयुरीच्या ओठावर आलं होतं. ती जळगावची, सोन्याच्या पेढ्यांच्या गल्लीत वाढलेली. दुकानात शिरणारा खरोखर घेणार आहे की नुसता पंख्याखाली बसायला आलाय हे ती दारातूनच ओळखते. पण तिला सासरी येऊन अकरा वर्षं झाली होती. तिने फोन खाली ठेवला. प्रेमराजने त्याच वेळी वर्तमानपत्र वर धरलं. ही त्याची लहानपणापासूनची युक्ती.

नानांची बाजू अशी होती. हा कुंदन दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला होता. डोळे पांढरे. बाहेर तीस पोरं बसलेली. त्याच्या आईने नानांकडे नुसतं पाहिलं, आणि नानांनी दार उघडून तिला थेट आत घातलं. तीस माणसं ओरडत राहिली. "पाच मिनिटं उशीर झाला असता तर आज हे पार्कच नसतं," असं नाना शेवटी म्हणत. ही हकिकत त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की तिला अंग धरलं होतं. आईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, बाहेर रॉकेलचा टँकर उभा होता, डॉक्टर म्हणाले जीवराम तू पोर वाचवलंस. जिगिषाला ती पाठ होती. सुरतेच्या शाळेत 'माझे आजोबा' ह्या विषयावर तिने तीच लिहिली होती आणि तिला दहापैकी नऊ मिळाले होते.

इको गाडी भाड्याने ठरवली. तानुबाईंनी, नानांच्या पत्नीने, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. आत खायचं नेऊ देत नाहीत असं मयुरीने सांगितलं, तर नाना म्हणाले ते तिकीटवाल्यांना. साडेपाचला ते दाराशी पोचले. ऊन अजून डांबरावर उभं होतं. तिकीटखिडकीपुढे लोखंडी नळ्यांच्या वळणावळणाच्या गल्ल्या केलेल्या, आणि त्यांत पाचपन्नास कुटुंबं टोप्या, बाटल्या, लेकरं घेऊन मुंग्यांसारखी पुढे सरकत होती. नानांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर सदतीस वर्षं बाकांवर फिरवलेली होती. बिचारे, असं त्या नजरेत होतं. आणि बिचारेच राहा, असंही होतं.

ते सरळ मधल्या दाराकडे गेले. तिथे रमजान नावाचा पहारेकरी होता, पारोळ्याचा, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला आणि कशाने आश्चर्य न वाटणारा. नाना त्याला म्हणाले, शेठला सांगा, धुळ्याहून जीवराम कंपाउंडर आलेत. रमजानने वही पाहिली. वहीत ते नाव नव्हतं. नाना म्हणाले, वहीत कसं असेल, ते घरचं नाव आहे. रमजान म्हणाला बरं, आणि त्याने वही मिटली. ही बोलणी इथेच संपली असं त्याचं मत होतं, तर ती आता सुरू झाली असं नानांचं.

मग नानांनी फोन काढला. धुळ्यातले औषध दुकानवाले पंडित हे त्यांचे जुने स्नेही. डॉक्टरांची चिठ्ठी कुठल्या दुकानात जावी हे दाराशी बसलेला माणूस हळूच सुचवू शकतो, त्यातून जुळलेले. पंडितांनी सांगितलं, काम झालं समजा. पार्काला शीतपेयं पुरवणारा त्यांच्या साडूचा मित्र होता. अर्ध्या तासात निरोप येईल. अर्धा तास झाला. पंडितांनी पुन्हा सांगितलं, झालंच समजा. ह्या झालं समजा आणि झालं ह्या दोन गोष्टींच्या मधे खानदेशातली निम्मी माणसं आयुष्य काढतात.

सहा वाजले. साडेसहा वाजले. साडेसात होत आले. दाराशेजारी एक सिमेंटचं कासव होतं, त्यावर कुटुंब बसलं. दशम्या तिथेच सुटल्या. लोखंडी नळ्यांतली माणसं एक एक करून खिडकीशी पोचत होती, मनगटाला कागदी पट्टा बांधून घेत होती आणि आत जात होती. ज्या बाईला नानांनी आल्याआल्या रांगेच्या शेपटाशी पाहून हळहळ केली होती, ती दोन पोरांसकट आत गेल्याला तास झाला होता. आतलं गलबत दिसत होतं. ते एका टोकाला वर जाई, तिथे क्षणभर थांबे, आणि किंचाळ्यांचा एक लोट भिंतीवरून बाहेर येई. जिगिषा फेऱ्या मोजत होती. हेत दर फेरीला विचारत होता की ते पडलं का.

प्रेमराज दोनदा उठला. पहिल्यांदा तो म्हणाला की पाय मोकळे करून येतो, आणि तिकीटखिडकीच्या दिशेने चार पावलं गेला. नाना तिथून म्हणाले, "प्रेमराज, माझी मान खाली घालू नको." तो परत आला. दुसऱ्यांदा तो नुसता उठला आणि बसला. बेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली चाळीस कामगार. आणि बसण्याची रीत अशी की कोणी बिल्ला देऊन बसवलंय.

पावणेआठाला तानुबाई बोलल्या. त्या एरवी बोलत नाहीत. घरात नाना बोलतात आणि त्या भांडी घासतात, आणि ह्या दोहोंचा आवाज मिळून तो संसार झाला आहे.

"बठ्ठा लोके मझार ग्यात," त्या म्हणाल्या. "आपनच बाहेर शेतस. कितला येळ बठानं आठे?"

नाना म्हणाले की मोठ्या माणसांना वेळ लागतो. आणि बोलाफुलाला गाठ पडावी तशी, आतून एक पांढरी गाडी हळूहळू दाराकडे आली. रमजानने पट्टा सारखा केला. गाडीची काच खाली झाली. आत पस्तिशीचा, गोरा, अंगाने सुटलेला तरुण होता, मनगटात सोन्याचं कडं. रमजान वाकून म्हणाला की कुंदनभाऊ, हे साडेपाचपासून थांबलेत, धुळ्याचे.

नानांनी शर्ट खाली ओढला. जिगिषा कासवावरून उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. गोष्टीतला माणूस तिच्यापुढे आला होता.

"कुंदनशेठ, ओळखलं का? बडगुजर डॉक्टरांकडचा जीवराम."

कुंदनने क्षणभर पाहिलं, आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला. तो गाडीतून उतरला. त्याने नानांचे दोन्ही हात हातात घेतले. नानांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सव्वादोन तासांची वसुली होती.

"जीवराम कंपाउंडर," कुंदन म्हणाला. "अहो, तुमच्याशिवाय आमच्या घरात एक दिवाळी जात नाही. आई अजून सांगते. मला ताप, बाबांची तेव्हा गोळ्या-बिस्किटांची हातगाडी. आईचा नंबर सातवा होता, आणि आम्ही सत्ताविसावे आत गेलो." तो मनापासून हसला. "नवा पाहुणा आला की आई हीच गोष्ट सांगते. म्हणते, त्या दाराशी बसलेल्या माणसाने माझ्याकडे एकदा मान वर करून पाहिलं नाही. तेव्हाच ठरवलं, आपलं स्वतःचं दार करायचं."

त्याच्या हसण्यात खोट नव्हती. असती तर नानांना काही धरायला मिळालं असतं. त्याला ती एक चांगली गोष्ट वाटत होती, आणि गोष्टीतला माणूस प्रत्यक्ष भेटल्याचा त्याला आनंद झाला होता, जसा एखाद्याला पुस्तकातला वाघ पिंजऱ्यात पाहून होतो. त्याने नानांच्या खांद्यावर थोपटलं, पोरं छान आहेत म्हणाला, हेतच्या गालाला हात लावला. मग गाडीत बसता बसता रमजानला सांगितलं, "नाना म्हातारे झालेत. यांना बसायला खुर्ची दे." आणि गाडी महामार्गाला लागली.

रमजानने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली.

गलबत पुन्हा एकदा वर गेलं. मग नाना खुर्चीवर बसले, तिच्या दोन्ही दांड्यांवर हात टेकवले, आणि म्हणाले, "पाहिलं? ओळखलं की नाही? गाडीतून उतरला."

हे ते मनापासून म्हणाले. माणूस एखाद्या गोष्टीतून काय ऐकतो हे त्याच्या हातात असतं, आणि नानांनी ह्या गोष्टीतून आपलं नाव ऐकलं होतं. सात आणि सत्तावीस हे आकडे त्यांच्या कानाशी आले होते; पण आकड्यांनी नानांना कधी अडवलं नाही.

जिगिषाने विचारलं, "नाना, ते तर थेट आत गेले होते ना? हिरवं लुगडं?"

"ती दुसरी बाई," नाना म्हणाले. "इतकी माणसं होती. कोणाकोणाचं लक्षात ठेवणार?"

मयुरी उठली आणि खिडकीकडे गेली. ह्या वेळी प्रेमराजही तिच्या मागून गेला, आणि नानांनी त्याला हाक मारली नाही, कारण ते रमजानला विचारत होते की शेठ रोज ह्याच वेळी निघतात का. खिडकीशी आता जेमतेम चार माणसं होती. सहा जणांची तिकिटं काढायला सहा मिनिटं लागली. त्यात एक मयुरीने नानांचंही घेतलं होतं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. गलबताची शेवटची फेरी पावणेनऊला, असं खिडकीवरच्या माणसाने बजावून सांगितलं. तानुबाईंनी पट्टा बांधायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्या बांगड्या मधे येत होत्या, म्हणून त्यांनी त्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी जास पोरेससंगे. तुम्ही बठा."

नाना खुर्चीवर बसून राहिले. मग शेजारून निघालेल्या एका माणसाला ती नुसतीच खुर्ची वाटली, ओळखीची निशाणी नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते उठले आणि सगळ्यांच्या मागून आत आले. मनगटावरच्या पट्ट्यावर बाही ओढली.

हेत गलबताला बुटका होता, त्याला घेऊन मयुरी आणि तानुबाई छोट्या आगगाडीकडे गेल्या. प्रेमराज गलबताच्या समोर, जिथून फोनवर चांगलं दिसेल अशी जागा धरून उभा राहिला. जिगिषा धावत जाऊन रांगेत शिरली. तिच्या पुढे शंभर-दीडशे माणसं असतील. नाना तिच्या शेजारी, पण नळ्यांच्या बाहेरून चालत राहिले. रांग सरकली की तेही सरकत, अगदी रांगेतल्यासारखेच, फक्त बाहेरून. त्यांनी तिला हळूच सुचवलं की तू माझं नाव सांग, म्हणजे कुंदनशेठनी ज्यांना खुर्ची दिली त्यांची नात म्हणून सांग, पुढे घेतील. जिगिषाने मान हलवली. नानांना ती हो म्हणून हलवलेली वाटली. तिने नाही म्हणून हलवली होती आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

एक फेरी सुटली. दुसरी सुटली. साडेआठ झाले. गलबताच्या तोंडाशी एक आडव्या बांध्याचा माणूस साखळी धरून उभा होता. चाळीस मोजायचे, आत सोडायचे, साखळी लावायची. तिसऱ्या फेरीत जिगिषाच्या पुढे वीसबावीस जण उरले. त्या माणसाने उंचीच्या पट्टीकडे बोट केलं, आणि ती पट्टीला पाठ लावून उभी राहिली. डोकं पट्टीच्या वर गेलं. तिने बापाकडे पाहिलं, आणि प्रेमराजने फोन वर धरला. त्या माणसाने मोठ्याने सांगितलं, आता शेवटची फेरी, पुढचे चाळीस. जिगिषाने मोजलं. ती तेविसावी होती. मागच्या माणसांचे चेहरे पडले, तिचा नाही.

गलबत थांबलं, आधीची माणसं डोलत डोलत उतरली. साखळी निघाली. एक, दोन, तीन असे आत जाऊ लागले. वीस झाले तेव्हा बाजूच्या वाटेने, जिकडून लोक उतरतात तिकडून, पांढऱ्या खादीतला एक गृहस्थ आला. त्याच्यामागे त्याची माणसं, म्हणजे बायको, भावजया, भाचे, एक खांद्यावर झोपलेलं पोर आणि ते पोर धरलेला माणूससुद्धा. गृहस्थ साखळीवाल्याच्या कानाशी काही बोलला. साखळीवाल्याने उजव्या हाताने रांग थोपवली, डाव्या हाताने बाजूची साखळी काढली. ती माणसं गलबतात चढू लागली. किती चढली ते मोजायची गरज नव्हती, ती संपतच नव्हती. मग त्याने पुन्हा रांगेकडे हात केला, एक घेतला, दोन घेतले, आणि जिगिषाच्या पुढ्यात साखळी लावून टाकली.

"बस. भरलं."

मागून गलका उठला. कोणी म्हणालं आम्ही अर्धा तास झाला उभे आहोत, कोणी म्हणालं हे बाजूने कसे आले, एका बाईने साखळीच ओढली. साखळीवाला म्हणाला, शेवटची होती, उद्या या. जिगिषाने दोन्ही हातांनी साखळी धरली होती आणि ती गलबताकडे पाहत होती, जे आता हलायला लागलं होतं, आधी थोडं, मग जास्त.

नाना पुढे झाले. मागच्या लोकांना वाटलं, म्हातारा भांडणार, आणि दोघातिघांनी त्यांना वाट करून दिली. नाना लोकांकडे वळले.

"शांत राहा," ते म्हणाले. "ओळखीचे असतील त्यांच्या. असं असतं."

"अहो आजोबा, तुमचीच पोरगी राहिली ना," साखळी ओढणारी बाई म्हणाली.

"असं असतं," नाना पुन्हा म्हणाले, समजुतीने, जसं ते बाकांवरच्या आयांना सदतीस वर्षं म्हणत आले होते. आणि आवाजात कुठे दुःख नव्हतं. उलट दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना जग आपल्या जागी नीट बसलेलं दिसत होतं. ओळखीने अजून साखळी निघते. आज त्यांच्या ओळखीने निघाली नाही, एवढंच. ते तपशिलाचं.

गलबत वर गेलं, किंचाळी उठली. समोरून प्रेमराजने फोन खाली घेतला.

"नाना," जिगिषा म्हणाली, गलबतावरची नजर न काढता, "तुम्ही पण असंच करायचे?"

नानांनी साखळीवाल्याकडे पाहिलं. तो आता रांगेतल्या लोकांची तोंडं चुकवत होता, आणि ती चुकवता चुकवता पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच पाहत होता. नाना बराच वेळ त्याचं निरीक्षण करत राहिले, एखाद्या कामात मुरलेला माणूस दुसऱ्याचं काम पाहतो तसं.

"हात बरोबर आहे त्याचा," ते नातीला म्हणाले. "पण साखळी लावताना लोकांच्या तोंडाकडे पाहतो. तिथे चुकतो. पाहायचं नसतं."